अजगर जेवत नसेल तेव्हा

रेडिंग, नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. घरी आणलेले बॉल पायथन या अजगराचे पिल्लू तीन आठवडे झाले तरी अन्नाला तोंड लावत नाही, दर दोन दिवसांनी उंदीर पुढे धरला तरी मान फिरवून वेटोळ्यात डोके खुपसते, आणि त्या काळजीने तुम्हा नवरा-बायकोचे जेवणाकडे लक्ष लागत नाही, असे तू लिहिले आहेस. पिल्लू तुमच्याकडे येण्यापूर्वी नियमित खात होते आणि अंगाने भरलेले आहे, तेव्हा एवढ्या उपवासाने त्याच्या जिवाला धोका नाही. या जातीचे मोठे साप थंडीच्या मोसमात महिनोन्‌महिने अन्नावाचून राहतात आणि त्यांचे वजनही फारसे उतरत नाही. पिल्लांना इतकी सवड नसते हे खरे, परंतु आठवडे आणि महिने यांत पुष्कळ अंतर आहे.

मुळात हा प्राणी भित्रा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन अशा देशांत तो राहतो, दिवसभर उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत पडून असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. (वारुळातल्या सापाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो, याच्या बाबतीत त्या खऱ्या आहेत.) संकट दिसले की डोके आत घेऊन तो अंगाचा घट्ट चेंडू करतो. अशा प्राण्याला तुम्ही दिवाणखान्यात, दूरदर्शन संचाशेजारी, चारही बाजूंनी पारदर्शक काचेच्या पेटीत ठेवले आहे आणि रोज संध्याकाळी मुलीच्या हातात देता. त्याच्या दृष्टीने तो अजून पकडला गेलेलाच आहे, आणि जो स्वतः भक्ष्य होण्याच्या भीतीत आहे तो शिकार कशाला करील?

म्हणून पहिले काम म्हणजे खाऊ घालणे थांबवणे. पुढचा पूर्ण आठवडा उंदीर दाखवू नकोस, हात लावू नकोस; पाणी बदलणे आणि घाण काढणे यापलीकडे पेटी उघडू नकोस. पेटी घरातल्या शांत खोलीत ने आणि तिच्या तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लाव. आत लपायला एकच जागा आहे असे तू म्हणतोस, तर दोन कर, एक उबेच्या बाजूला आणि एक थंड बाजूला, नाहीतर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतून एकाची निवड करावी लागते आणि ते बहुधा सुरक्षितता निवडते; मग थंड अंगाने पचन होत नाही आणि भूकही लागत नाही. लपण्याची जागा ऐसपैस नको. वेटोळे घालून बसल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकतील इतकी अडचणीची हवी. पेटी मोठी असली की पिल्लू खात नाही असे दुकानदार सांगतात, ते मला अर्धेच पटते. मोठेपणाचा त्रास नसतो, मोकळेपणाचा असतो. उरलेली जागा झाडाच्या सालींनी, बुंध्याच्या तुकड्यांनी आणि प्लॅस्टिकच्या पानोळ्याने भरून टाक, म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना त्याला उघड्यावर यावे लागणार नाही.

आता तापमान. तुझ्या पेटीत 28 अंश आहे, पण ते कुठले? काचेला चिकटवलेला गोल काट्याचा मापक हवेचे तापमान दाखवतो, तेही धड नाही. दांडीसारखा सेन्सर असलेला डिजिटल मापक घे आणि सेन्सर उबेच्या बाजूच्या लपणीत, साप जिथे पोट टेकतो तिथे ठेव. तिथे 31 ते 32 अंश आणि थंड बाजूला 24 ते 26 अंश असावेत. उष्णता देणारी चटई असो वा सिरॅमिक दिवा, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक अंशावर राखणाऱ्या यंत्राशिवाय, चालवू नकोस. भाजलेल्या पोटाचे साप मी पाहिले आहेत आणि ते दृश्य विसरता येत नाही. दमटपणा साधारण 60 टक्के ठेव. इकडे हिवाळ्यात रेडिएटर सुरू झाले की हवा कोरडी पडते, तेव्हा तळाच्या नारळाच्या भुशात थोडे पाणी घालत जा. डोळे दुधाळ निळसर दिसू लागले तर पिल्लू कात टाकण्याच्या बेतात आहे असे समज आणि कात पडेपर्यंत अन्नाचा विषय काढू नकोस.

दरम्यान ज्याच्याकडून पिल्लू घेतलेस त्याला फोन कर. ते काय खात होते, उंदराचे पिल्लू की घुशीचे, जिवंत की गोठवलेले, किती मोठे आणि किती दिवसांनी, हे विचारून घे. ही जात एकदा ज्या भक्ष्याला सरावली त्यालाच धरून बसते. लहान उंदरांवर वाढलेल्या पिल्लापुढे घुशीचे पिल्लू ठेवले तर त्याला ते अन्न वाटतच नाही. आधी ओळखीचे दे, बदल नंतर कर. आकाराचा अंदाज म्हणून सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतके, किंवा त्याहून किंचित बारीक भक्ष्य पुरे. जिवंत उंदीर मात्र पेटीत सोडू नकोस. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो.

आठवडा उलटल्यावर एका संध्याकाळी, खोलीतले दिवे मालवल्यानंतर, प्रयत्न कर. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या स्वतंत्र डब्यात ठेवून वितळू दे, मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात गरम कर. मायक्रोवेव्ह वापरू नकोस. बोटाने पोट दाबून पाहा, आत गारगोटी लागता कामा नये. हात लावल्यावर नीट उबदार, जिवंत अंगापेक्षा किंचित अधिक गरम असा तो हवा, कारण बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचांची रांग असते आणि अंधारात तो डोळ्यांपेक्षा तिच्यावर जास्त विसंबतो. डोके अधिक गरम राहावे म्हणून शेवटी तेवढेच पुन्हा पाण्यात बुडवून पुसून घे.

लांब चिमट्याने उंदराला शेपटीच्या बाजूने धरून लपणीच्या तोंडाशी, सापापासून वीतभर लांब, अगदी संथ हालव. नाकावर नेऊन आपटू नकोस. पिल्लाला रस असेल तर जिभेची लपलप संथ होते, डोके उंदराच्या रोखाने स्थिरावते आणि मान मागे सरून इंग्रजी एससारखी वळते. त्या क्षणी श्वासही जपून घे. झडप, विळखा आणि मग बराच वेळ काहीच नाही. पकड सैल करून ते उंदराचे डोके शोधू लागले की तू बाहेर जा. चिमट्याकडे लक्षच दिले नाही तर उंदीर लपणीच्या तोंडाशी ठेवून दे, पेटी बंद कर आणि सकाळी पाहा. उरला असेल तर फेकून दे आणि पुढचा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी कर. रोज पुढे केलेले अन्न म्हणजे रोजचा त्रास, एवढेच त्याला कळते. खाल्ले तर दोन दिवस त्याला उचलू नकोस, नाहीतर ओकून टाकील, आणि ओकल्यावर पुढचे जेवण दोन आठवडे लांबते.

काकूंनी पुण्याहून दुधाची वाटी ठेवायला सांगितले आहे, त्यांना माझा नमस्कार सांग आणि साप दूध पीत नाही हेही सांग. नागपंचमीला गारुडी जो दूध पिताना दाखवीत, तो तहानेने कासावीस केलेला नाग असे. या पिल्लाला स्वच्छ पाणी पुरेल, वाटी मात्र त्याला अंग बुडवून बसता येईल इतकी मोठी असू दे.

वजनासाठी एक डिजिटल काटा घे, पण स्वयंपाकघरातला नको. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, म्हणून मुलीलाही हात साबणाने धुवायला लाव. दर आठवड्याला वजन लिहून ठेव. ते पहिल्या वजनाच्या दहा टक्क्यांनी उतरले, किंवा श्वासाचा आवाज येऊ लागला, तोंडाशी लाळेचे बुडबुडे दिसले, मानेभोवती काळे किडे फिरताना दिसले, तर माझ्या पत्राची वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे ने. तोंड उघडून बळेच भरवण्याचा प्रयोग घरी करायचा नाही.

घाई नको, कारण हा प्राणी दीर्घायुषी आहे. सेंट लुई प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये, साधारण 62 वर्षांची असताना, अंडी घातली होती. तुमच्या पिल्लापुढे अवकाश आहे.

पेटीचा नवा फोटो आणि लपणीतल्या सेन्सरचा आकडा आधी पाठव, मग उंदराची तारीख ठरवू. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद