गाण्याच्या क्लासची फी आणि विष्णु दिगंबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट महिना आला की पेपरात पं. विष्णु दिगंबर पलुसकरांवर एक छोटा चौकोन येतो. १८ ला जयंती आणि २१ ला पुण्यतिथी, तीनच दिवसांचा फरक, म्हणून बहुतेक ठिकाणी एकाच मजकुरात दोन्ही उरकून टाकतात. त्यात काय असणार ते आता मला पाठ झालंय, 'रघुपती राघव', वंदे मातरम्, गांधीजी आणि तोच जुना फोटो. हे सगळं बरोबरच आहे, माझा त्याला आक्षेप नाही, पण दरवर्षी वाचून झालं की वाटतं अरे यात मुख्य गोष्ट राहिलीच की, हा माणूस मास्तर होता, गाण्याचा क्लास काढणारा, हजेरी घेणारा, फी लावणारा मास्तर. आणि मला तर त्यातलं फीचंच सगळ्यात जास्त कौतुक आहे, ते का ते सांगायला हे पत्र.

मी संगीतातली जाणकार वगैरे अजिबात नाही. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एका बाईंचा क्लास होता, तिथे सात वर्षं गेले, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या आणि मग कॉलेज, लग्न यात सोडलं. बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. वरच्या मजल्यावर एक खोली, सतरंजी, एक पेटी जिची एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही, ती बोटाने उचलावी लागायची आणि त्या नादात आमची लय हमखास चुकायची. भिंतीवर सरस्वतीच्या शेजारी विष्णु दिगंबरांचा फोटो. आम्हाला बरीच वर्षं ते बाईंचे आजोबा वाटायचे, एकदा एकीने विचारलं तर बाई म्हणाल्या, "तसेच समज."

तर फी. महिन्याच्या पाच तारखेला पाकिटात घालून द्यायची, बाई ते न मोजता पेटीच्या झाकणाखाली ठेवायच्या, पण रजिस्टरमध्ये लिहायच्या मात्र न चुकता. एकदा एका मुलीचे वडील आले आणि हसत हसत म्हणाले, बाई, सरस्वतीच्या सेवेचे कसले हो पैसे. मी तिथेच होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "फी घेते म्हणून तुमच्या मुलीला उशीर झाला तर ओरडता येतं मला. फुकट शिकवलं असतं तर उलट मीच तुमची वाट बघत बसले असते." आणि मग फोटोकडे बोट करून म्हणाल्या, "त्यांनी शिकवलंय हे." तेव्हा यातलं काही कळलं नव्हतं, फोटोतला माणूस फीबद्दल काय शिकवणार असंच वाटलं.

नंतर वाचत गेले तसं कळत गेलं. जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा, वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या वेळी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, उपचाराला मिरजेला नेलं, दृष्टी काही पूर्ण परत आली नाही आणि शाळेचं शिक्षण थांबलं. डॉक्टरांनीच सुचवलं म्हणतात की याला गाणं शिकवा. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे, त्यांच्याकडे तालीम सुरू झाली. मिरज संस्थानाचा आश्रय होता, म्हणजे तसं बघायला गेलं तर सगळं छान चाललेलं होतं.

आणि मग ती निमंत्रणाची गोष्ट. कुठल्याशा समारंभाचं बोलावणं विष्णूला आलं पण त्याच्या गुरूंना आलं नाही, विचारलं तर उत्तर काय, ते तर गवई आहेत. ही आठवण वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते त्यामुळे तपशिलाच्या भानगडीत मी पडत नाही, पण त्या काळची समजूत तीच होती यात शंका नाही. गवयाचं गाणं हवं पण पंगतीला गवई नको. चांगल्या घरातल्या मुलाने गाणं शिकायचं म्हणजे वाया गेला आणि मुलीने शिकायचं तर विचारायलाच नको.

१८९६ ला मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदा, पुढे सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा अशी भटकंती. त्यात सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपण ऑनलाइन तिकीट काढतो, सीट नंबर बघतो, त्यामुळे यातलं धाडस आपल्या लक्षात येत नाही. तोपर्यंत गाणं कुणाच्या तरी दिवाणखान्यात व्हायचं, बिदागी किती ते मालकाच्या मर्जीवर, शाल देतील, नुसतं वाहवा म्हणतील किंवा उद्या या म्हणतील. तिकीट म्हणजे आधी ठरलेली रक्कम आणि ज्याने ती भरली तो आत, मग तो सरदार असो नाहीतर कारकून. गवयाने हात पसरायचा नाही आणि ऐकणाऱ्यानेही कुणाची कृपा म्हणून ऐकायचं नाही. बाईंचं पाकीट आणि हे तिकीट एकच आहे हे मला फार उशिरा कळलं.

५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लाहोरला! कुठे कुरुंदवाड आणि कुठे लाहोर, भाषा वेगळी, ओळखपाळख नाही, आणि दिसतही नीट नाही. संस्थानिकाच्या पदरी नाही तर लोकांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि मैफलींच्या पैशावर चालणारी शाळा. अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा, छापलेली पुस्तकं, स्वतःचा छापखाना, वाद्यं दुरुस्त करायची व्यवस्था, सगळं. त्याआधी स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर खुणांनी लिहायची पद्धत, कुणी लिहिलीच नव्हती असं नाही, पण गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरून कधीतरी त्यांची मर्जी लागली तर एक चीज, म्हणजे एक बंदिश, मिळणार ही पद्धत, तिच्याऐवजी वही उघडा आणि आजचा धडा घ्या. याने गाणं सपक झालं अशी टीका तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे आणि ती अगदीच खोटी नाही, आमच्या क्लासमध्येसुद्धा दहा पोरी एका सुरात भूप राग म्हणायच्या तेव्हा त्याला भूप म्हणावं का हा प्रश्नच होता. पण त्या दहांपैकी नऊजणी आज तिकीट काढून गाणं ऐकायला जातात. तानसेन नाही तर निदान कानसेन, असं म्हणतात ना, तेच.

स्वरलिपीवरून आठवलं. आम्ही पलुसकर पद्धतीने शिकायचो आणि माझी मावसबहीण दुसरीकडे पं. विष्णु नारायण भातखंड्यांच्या पद्धतीने. पलुसकरांच्यात स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक आणि तार (वरच्या) सप्तकाला उभी रेघ, भातखंड्यांच्यात डोक्यावर टिंब म्हणजे तार! एका सुट्टीत तिने माझी वही घेतली आणि जिथे खाली खर्जात जायचं तिथे जीव खाऊन वर ओरडली, घरात सगळे धावत आले. तालाचंही तसंच, आमची 'सम' (तालाची पहिली मात्रा) १ ने आणि 'खाली' (टाळी न देता हात बाजूला न्यायची मात्रा) अधिक चिन्हाने, त्यांची 'सम' फुलीने आणि 'खाली' शून्याने. दोन थोर माणसं एकाच काळात एकाच कामाला लागली आणि टिंब मात्र एकमेकांना विचारून दिलं नाही, त्याचा त्रास पुढे आमच्यासारख्या पोरांना. असो.

१९०८ ला मुंबईला शाखा काढली. खरी गंमत, गंमत कसली, चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. ज्यांना पुढे शिक्षक म्हणून तयार करायचं अशा मुलांना त्यांनी ठेवून घेतलं, काही वर्षांचा करार लिहून घ्यायचा आणि राहणं, जेवण, शिक्षण सगळं विद्यालयाचं. म्हणजे बाहेरच्यांना फी आणि यांना दोन वेळचं जेवण. यातूनच विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही पुढे नावाजलेली गवई मंडळी तयार झाली. ना. मो. खरे साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात गेले आणि आश्रम भजनावली त्यांच्याच हातची. एकेकाने पुढे आपापली शाळा काढली. पण इमारतीचं कर्ज, इतक्या जणांचा खर्च, तो भागवायला गुरुजी गावोगाव मैफली करत फिरणार, आणि शेवटी मुंबईची ती इमारत लिलावात गेली. गाणाऱ्याने स्वतःच्या हिमतीवर पोट भरावं हे अख्ख्या देशाला शिकवणारा माणूस शेवटी नाशिकला रामनाम आधार आश्रम काढून राहिला. बाई हे सांगायला लागल्या की फीच्या रजिस्टरवर हात ठेवायच्या, सवयीने असेल.

घरातही तेच. बरीच मुलं झाली, जवळजवळ सगळी लहानपणीच गेली, राहिला एक दत्तात्रेय. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेला गुरुजी गेले तेव्हा तो दहा वर्षांचा. त्याला मग कुणी शिकवलं तर विनायकरावांनी आणि नारायणरावांनी, म्हणजे ज्यांना बापाने घरात ठेवून शिकवलं होतं त्यांनीच. तेच आपले डी. व्ही. पलुसकर, आणि तेही १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. आमच्या बाई डी. व्हीं.ची रेकॉर्ड लावायच्या आणि आम्हाला बोलू द्यायच्या नाहीत. रेकॉर्ड संपली की म्हणायच्या, हे गाणं तीन माणसांनी मिळून केलंय, त्यातले दोघे दिसत नाहीत.

गुरुजी गेले त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आमच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा त्याच मंडळाच्या. परीक्षेच्या दिवशी बाहेर बाकावर बसून आम्ही आलाप घोकायचो आणि आतून परीक्षकांचा खोकला ऐकू आला तरी पोटात गोळा यायचा. १९७३ ला पोस्टाने गुरुजींचं तिकीट काढलं होतं, बाईंनी ते रजिस्टरच्या आतल्या पानाला चिकटवलेलं होतं.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. क्लासच्या खोलीत सध्या कुणाचं तरी सामान आहे. रजिस्टरं त्यांच्या मुलीने मला बघायला दिली, माझ्या नावापुढे दोन महिने फीचा रकाना कोरा आहे. त्या वर्षी वडिलांची नोकरी गेली होती. तेव्हा पाकीट रिकामं नेताना लाज वाटायची म्हणून आईने आत कोरा कागद घालून दिला होता, बाईंनी तो नेहमीसारखा न मोजता झाकणाखाली ठेवला, आणि त्या महिन्यातसुद्धा उशीर झाला म्हणून मला ओरडल्या.

तर विनंती एवढीच की यंदाच्या २१ तारखेला चौकोन छापायचा तर छापाच, पण सोबत वाचकांकडून त्यांच्या त्यांच्या गाण्याच्या, पेटीच्या, तबल्याच्या मास्तरांच्या आठवणी मागवा. चार ओळी का होईना. ज्यांचं कधी पोस्टर लागलं नाही आणि कुठला पुरस्कार मिळाला नाही त्यांच्या. पहिली आठवण माझी धरा, वरचीच कापून घ्या हवी तेवढी.

आपली,
एक जुनी वाचक (मध्यमा पूर्ण, द्वितीय श्रेणी)

ता. क. : फोटो छापताना जरा बघून घ्या. एका वर्षी एका ठिकाणी वडिलांच्या पुण्यतिथीला मुलाचा फोटो छापून आला होता. बाईंनी तो पेन्सिलने दुरुस्त करून, मिशा काढून, क्लासमध्ये लावला होता.