केळीची राख आणि नायट्रोजनची कडी

जळगाव, २१ मे

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

"राख पाण्यात कालवून पीएचडी मिळते का रे भो?" हा तुझा टोमणा वाचला. मिळेल की नाही ते गाईड बघतील, पण राख खरंच कालवतोय. वेफर्सवाल्यांकडून कच्च्या केळीच्या साली गोणीत भरून आणतो, गच्चीवर वाळवतो, जाळतो. राख भिजवून गाळली की निथळ पाणी उतरतं. लाल लिटमस त्यात टाकताक्षणी निळा, बोटांना बुळबुळीत. सगळी पोटॅशियम कार्बोनेटची करामत. आसामात असाच कोलाखार जेवणात घालतात, मी त्यात पायरॅनोपायराझोल, म्हणजे नायट्रोजनची कडी असलेली संयुगं, करतो.

हायड्रॅझिन हायड्रेटमध्ये इथाइल ॲसिटोॲसिटेट सोडलं की फ्लास्क हाताला गरम लागतो आणि पांढरा पायराझोलोन सुटा होतो. मग बेन्झाल्डिहाइड, मॅलोनोनायट्राइल आणि उत्प्रेरक म्हणून राखेचं पाणी. ढवळता ढवळता सगळं इतकं दाटतं की मॅग्नेट अडखळायला लागतो. गाळायचं, पाण्याने धुवायचं, इथेनॉलमधून स्फटिक काढायचे. संपलं. पेपरांत लिहितात, "रूम टेंपरेचरला". मे महिन्यात आपल्या जळगावचं रूम टेंपरेचर म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. मी वहीत सरळ थर्मामीटरचा आकडा लिहितो.

पण खरं सांगू? राखेचं कौतुक जरा जास्तच होतं. बाटलीतलं पोटॅशियम कार्बोनेट काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. आणि अणू वाया न घालवणं ही आजची अक्कल नव्हे. १८९१ची बिजिनेली अभिक्रिया घे. बेन्झाल्डिहाइड, युरिया आणि इथाइल ॲसिटोॲसिटेट यांच्या रेणुभारांची बेरीज २९६, त्यातले २६० थेट उत्पादनात, उरलेले ३६ म्हणजे दोन रेणू पाणी. ८८ टक्के! बाबांच्या बीपीच्या ॲम्लोडिपिनमधली डायहायड्रोपायरिडिनची नायट्रोजनवाली कडी हँट्झश या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीची, तीही एकोणिसाव्या शतकातलीच. ग्रीन केमिस्ट्रीची, म्हणजे कमी कचरा आणि कमी विष करणाऱ्या रसायनशास्त्राची, बारा तत्त्वं अनॅस्टस आणि वॉर्नर यांनी मांडली ती १९९८ला.

घाण होते ती नंतर, कॉलमवर, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून द्रावक ओतून पदार्थ शुद्ध करताना. मथळ्यात "पाण्यात संश्लेषण" आणि आत, प्रायोगिक भागात, सिलिका जेल, हेक्झेन, इथाइल ॲसिटेट. अर्धा ग्रॅम पदार्थासाठी लिटरभर द्रावक ओतायचं आणि वर हिरवा बिल्ला लावायचा! म्हणून मी ठरवलंय, जो पदार्थ नुसता गाळून शुद्ध निघत नाही, तो माझ्या प्रबंधात 'ग्रीन' म्हणून जाणार नाही. त्यामुळे यादी आखूड होतेय आणि गाईड नाराज आहेत. असोत.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. पाणी निर्मळ, राख केळीची, पण त्यात पडतं काय, तर हायड्रॅझिन आणि मॅलोनोनायट्राइल. दोन्ही जहाल. याला हिरवं म्हणताना जीभ अडते. आमच्याकडे गाळलेलं पाणी थोडंच असतं, कॅनमध्ये साठवतो. तुमच्या प्लँटमध्ये ते पिंपांनी निघत असेल. नायट्राइलवालं पाणी ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला, सोडण्याआधी तुम्ही नेमकं काय करता? आणि गाळलेलं पाणी पुढच्या बॅचला परत वापरता का? तीनचार वेळा फिरवलं की माझं पिवळं पडतं, उतारा घटतो. कंपनीचं गुपित नको, ढोबळ पद्धत कळली तरी चालेल. सविस्तर लिही, फोनवर तू निम्मं विसरतोस.

काकूंना नमस्कार. हिवाळ्यात ये, भरीत-पुरी करू.

तुझा,
पंकज