खरेदीदाराची सही घ्या: विकसनशील देशांच्या श्रममंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय श्रममंत्री महोदय आणि महोदया,

सादर नमस्कार.

हे पत्र कुणा एका मंत्र्याच्या नावानं लिहिलेलं नाही, आणि ते मुद्दाम. एका मंत्र्यापुढे हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही कडक झालो तर ऑर्डर शेजारच्या देशात जाईल." शेजारच्या देशात जाऊन विचारलं तर तिथेही हेच उत्तर, फक्त बोट उलट दिशेला. प्रत्येकाला दुसऱ्याची भीती दाखवली जाते आणि त्या भीतीवर कपडे, बूट, खेळणी, मोबाइल स्वस्त होत राहतात. दर वर्षी जूनमध्ये तुम्ही किंवा तुमचे प्रतिनिधी आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेसाठी जिनिव्हाला एका सभागृहात बसता. त्या सभागृहातल्या तुम्हा सगळ्यांना मिळून मी हे लिहिते आहे.

मी अकरा वर्षं तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर होते. परदेशातला बायर आणि आपला कारखाना यांच्या मधलं माणूस. भाव ठरवणं, सॅम्पल मंजूर करून घेणं, माल वेळेवर जहाजावर चढवणं हे माझं काम. मजुरांची पिळवणूक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातात छडी घेतलेला मुकादम येतो. मी पाहिलेली पिळवणूक कॉस्टिंग शीटवर, म्हणजे एका कपड्याच्या खर्चाच्या तक्त्यावर होते, वातानुकूलित खोलीत, अगदी सभ्य भाषेत. ती कशी होते, ते आधी सांगते.

कॉस्टिंग शीटवर ओळी असतात. कापड, धागा, बटणं, झिप, लेबल, पॅकिंग, बंदरापर्यंतची वाहतूक. आणि एक ओळ 'सीएम', म्हणजे कापणं आणि शिवणं. बायरचा मेल येतो: भाव आवडला, पण टार्गेट प्राइसला बसायला अजून सहा सेंट खाली या. आता हे सहा सेंट काढायचे कुठून? कापडाची गिरणी बायरनंच नेमून दिलेली. बटणं आणि लेबलंही त्यांनी ठरवलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायची. वाहतुकीचा दर आपल्या हातात नाही. कमी करता येईल अशी एकच ओळ उरते. शर्ट शिवायला अठरा मिनिटं धरली असतील तर सोळा धरायची. मी ती धरली आहेत, कितीतरी वेळा. शीटवर आकडा बदलायला काही सेकंद लागतात.

ती दोन मिनिटं नंतर शिलाईच्या लाइनवर पोचतात. ताशी टार्गेट वाढतं, सुपरवायझर पाठीशी उभा राहतो. आमच्या लाइनवरच्या बायका दुपारनंतर पाणी प्यायच्या नाहीत. मला वाटायचं, पाणी चांगलं नसेल. एकीनं शेवटी सांगितलं, "पाणी प्यायलं की उठावं लागतं मॅडम, आणि उठलं की पीस मागे पडतात." त्या दिवशी मला माझी सहा सेंटची वजाबाकी नेमकी कशातून झाली होती ते कळलं.

मुदतीचंही तसंच. बायर सॅम्पल मंजूर करायला दोन आठवडे उशीर करतो, पण जहाजाची तारीख हलत नाही. जहाज चुकलं तर माल विमानानं पाठवा, खर्च कारखान्याचा, नाहीतर बिलातून कापून घेऊ. मग रात्रपाळी लागते. एकदा एकाच दिवशी एकाच कंपनीचे दोन मेल माझ्याकडे आले होते. खरेदी विभागाचा होता भाव उतरवा आणि माल आठवडाभर आधी द्या म्हणून. कॉम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या विभागाचा होता तुमच्याकडे ओव्हरटाइम फार दिसतो, खुलासा करा म्हणून. दोन्ही मेलवर बोधचिन्ह एकच.

हे फक्त माझ्या कारखान्याचं नशीब नव्हतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१७ मध्ये जगभरच्या पुरवठादारांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ३९ टक्के पुरवठादारांनी उत्पादनखर्चही भरून निघणार नाही अशा भावानं ऑर्डर घेतल्याचं सांगितलं होतं. खर्चाखालच्या भावात जिन्याला रेलिंग लागत नाही, जादा तासांचा दुप्पट पगार मिळत नाही, बाळंतपणाची रजा मिळत नाही. मालकांना मी दोषमुक्त करत नाही. त्यांतले काही निर्दय असतात, मी पाहिलेत. पण सज्जन मालकसुद्धा या भावात सज्जन राहू शकत नाही.

ऑडिटबद्दल, म्हणजे कारखान्यातली सुरक्षा आणि कामाची परिस्थिती तपासण्याबद्दल, मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्यापैकी अनेकांना ऑडिटचं प्रमाणपत्र दाखवून गप्प केलं जातं. ऑडिटची तारीख बहुतेक वेळा आधी कळायची. मग आठवडाभर कारखान्यात सणासारखी साफसफाई. अग्निशामक नळकांड्यांवर नव्या तारखांच्या चिठ्ठ्या. जिन्यावरचे कार्टन हलवले जायचे, मागच्या दाराचं कुलूप काढून खिशात. हजेरीची पुस्तकं दोन: एक खरं, एक दाखवायचं. कोवळ्या चेहऱ्याच्या हेल्पर मुलींना त्या दिवशी सुट्टी. कामगारांना उत्तरं पाठ करून घेतलेली. ऑडिटर चांगला माणूस असला तरी त्याच्याकडे एक-दोन दिवस असत, आणि त्याची फी अनेकदा कारखानाच भरत असे. तो गेला की संध्याकाळी कार्टन परत जिन्यावर. ही सगळी तयारी होताना मी तिथे होते आणि मी काही बोलले नाही. म्हणून आज लिहिते आहे.

अशा प्रमाणपत्राची किंमत काय, ते कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्यानं दाखवलं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागली आणि २५०हून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे रस्ते बंद होते. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. ती आग खंडणीसाठी लावली गेली, असा निकाल तिथल्या न्यायालयानं २०२० मध्ये दिला. असेल तसं. पण आग कुणीही लावलेली असो, बंद दारामागे अडकायला त्या माणसांना कुणी भाग पाडलं, हा प्रश्न त्यानं मिटत नाही. मृतांच्या नातेवाइकांनी मुख्य खरेदीदार असलेल्या जर्मन कंपनीवर तिच्याच देशात, डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. कारण? मुदत उलटून गेली होती. कंपनीची जबाबदारी होती की नव्हती, यावर निर्णय झालाच नाही.

आणि मग राणा प्लाझा. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार इथल्या त्या आठ मजली इमारतीच्या भिंतींना आणि खांबांना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवर तयार कपड्यांचे पाच कारखाने होते. तिथल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर यायला सांगितलं गेलं. आला नाहीत तर पगार कापू, अशी धमकी अनेकांना मिळाली. २४ एप्रिलला सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं सापडली, तेव्हा कुठे काही कंपन्यांनी आपला माल तिथे शिवला जात होता हे कबूल केलं. बँकेच्या कर्मचाऱ्यांना घरी जाता आलं आणि शिलाईवाल्यांना नाही, हा फरक मला अजून गिळता येत नाही. इमारत एकच होती, तडे तेच होते. फक्त शिलाईवाल्यांच्या डोक्यावर जहाजाची तारीख होती.

यापुढचं मात्र मी आशेनं लिहिते आहे, कारण राणा प्लाझानंतर जे झालं ते तुम्ही सगळे करू शकता.

मे २०१३ मध्ये बांगलादेशात अग्नी आणि इमारत सुरक्षेचा 'अकॉर्ड' झाला. एका बाजूला कामगार संघटना, दुसऱ्या बाजूला ब्रँड, आणि मध्ये कायद्यानं बांधून घेणारा करार. पुढे २००हून अधिक कंपन्यांनी त्यावर सही केली. अभियंत्यांनी १,६००हून अधिक कारखाने तपासले आणि अहवाल सगळ्यांना वाचता येतील असे जाहीर केले. कुलूप लावता येणारी दारं काढली गेली, खांब मजबूत झाले. धोकादायक इमारती रिकाम्या करायला लावल्या गेल्या. आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट: दुरुस्तीचा खर्च कारखान्याला पेलेल अशा व्यापारी अटी ठेवणं हे खरेदीदारावर बंधन झालं. म्हणजे कॉस्टिंग शीटवरच्या सहा सेंटना पहिल्यांदा कुणीतरी कायद्यानं हात घातला. दोन ब्रँडनी शब्द पाळला नाही, तेव्हा प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २०१८ च्या जानेवारीत त्यांतल्या एका कंपनीनं २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

तुमच्या अधिकाऱ्यांनी नेहमीची भीती घातली, की असे करार केले तर धंदा जाईल, तर त्यांना बांगलादेशचे आकडे दाखवा. २०१२-१३ मध्ये त्या देशाची तयार कपड्यांची निर्यात सुमारे २१.५ अब्ज डॉलर होती. अकॉर्डची पाच-सहा वर्षं झाल्यावर, २०१८-१९ मध्ये, ती ३४ अब्ज डॉलरच्या वर गेली. दारांची कुलपं काढल्यानं एकही बंदर ओस पडलं नाही.

अकॉर्डनं सगळं मात्र सुटलं नाही. पगाराचा प्रश्न त्याच्या कक्षेतच नव्हता. २०२३ मध्ये तिथल्या कामगारांनी महिन्याला २३,००० टका किमान वेतन मागितलं आणि १२,५०० मिळालं. त्या आंदोलनात कामगारांचे जीवही गेले. आणि २०२० मध्ये महासाथ आली तेव्हा कित्येक बड्या कंपन्यांनी शिवून तयार असलेल्या मालाच्याही ऑर्डर रद्द केल्या, पैसे थांबवले. त्या महिन्यांचे पगार बुडाले ते शिवणाऱ्यांचे.

म्हणून माझी मागणी सोपी आहे: खरेदीदाराची सही घ्या. आज कायद्याचं सगळं ओझं कारखानदारावर आणि तपासणी निरीक्षकावर आहे. ज्याच्या मेलमुळे दोन मिनिटं कापली जातात, त्याची सही कुठेच नसते. तुमच्या देशातून माल उचलणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीला स्थानिक कामगार संघटनांसोबत बंधनकारक करार करायला लावा. तपासणीचे अहवाल उघडे करा, कुठल्या ब्रँडचा माल कुठल्या इमारतीत शिवला जातो याची यादी जाहीर करा. दिलेली ऑर्डर ऐनवेळी रद्द झाली तर भरपाई कोण देणार, ते आधीच लिहून घ्या. निर्यात क्षेत्रांत संघटना बांधायला ज्या आडकाठ्या तुमच्याच कायद्यांनी घातल्या आहेत, त्या काढा. कारण तडे गेलेल्या इमारतीत जायला एकटी बाई नकार देऊ शकत नाही, पाचशे बायका देऊ शकतात. आणि हे सगळं एकाच वेळी करा, म्हणजे शेजाऱ्याकडे बोट दाखवायची सोय उरणार नाही.

एकत्र येणं तुम्हाला जमतं. २६ जून २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिकेनं ठराव मांडला होता, की बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार तयार करावा. बाजूनं २० मतं, विरोधात १४, तटस्थ १३. भारत, चीन, पाकिस्तान, इंडोनेशिया, व्हिएतनाम, केनिया, इथिओपिया त्या वीसांत होते. इतर वेळी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा देशांनी त्या दिवशी एकत्र मत दिलं. दहा वर्षं उलटून गेली, मसुद्यावर मसुदे झाले, करार अजून नाही. तो पुढे रेटायला तुमच्या परराष्ट्र खात्यांना तुम्ही सांगायला हवं.

आपल्या कंपन्यांना परदेशातल्या पुरवठादारांकडे काय चालतं याची जबाबदारी घ्यायला लावणारे कायदे श्रीमंत देश करतील म्हणून थांबून राहू नका. फ्रान्सनं २०१७ मध्ये केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला, दोन्हींचं मोल आहे. पण युरोपीय संघाचा याच विषयावरचा निर्देश २०२४ मध्ये मंजूर झाला आणि अंमल सुरू व्हायच्या आतच त्याची धार कमी करायची घाई सुरू झाली. तिथले मतदार वेगळे, तिथल्या चिंता वेगळ्या. मरणारी माणसं तुमची आहेत.

तुमच्याच पदावर बसलेल्या एका बाईंची आठवण करून देते. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा फ्रान्सिस पर्किन्स जवळच होत्या. दाराला कुलूप होतं. खिडक्यांतून उड्या मारणाऱ्या मुली त्यांनी खाली उभं राहून पाहिल्या. त्या आगीत १४६ जण गेले. पुढे राज्यानं कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा पर्किन्सबाई आमदारांना घेऊन प्रत्यक्ष कारखान्यांत गेल्या. रॉबर्ट वॅग्नर नावाच्या आमदाराला त्यांनी भिंतीतल्या एका लहानशा भोकातून सरपटत बाहेर जायला लावलं. पलीकडे बर्फानं माखलेली, जमिनीपासून बारा फुटांवरच संपणारी लोखंडी शिडी होती, आणि तिला नाव होतं आगीतून सुटकेचा मार्ग. त्यानंतरच्या वर्षांत त्या राज्यात कारखान्यांसाठी एकामागून एक कायदे झाले. १९३३ मध्ये पर्किन्स अमेरिकेच्या श्रममंत्री झाल्या, आणि वॅग्नर यांच्या नावाचा कामगार कायदा १९३५ मध्ये आला.

तुम्हीही जा. न कळवता जा, आणि दिवसा नको, माल जायच्या आदल्या रात्री जा. फिनिशिंगच्या मजल्यावर चढा, दिवे बंद करायला सांगा आणि अंधारात मागच्या जिन्यानं खाली उतरून पाहा. दार उघडलं तर बाहेर या. नाही उघडलं तर त्या कारखान्याचा माल कुणाच्या लेबलाखाली विकला जातो ते तिथेच, कार्टनवर वाचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या कंपनीला चर्चेला बोलवा.

आपली विश्वासू,
एक माजी मर्चंडायझर