मंत्रिमहोदय, इथे माणसं राहतात

मा. मंत्रिमहोदय,
नवी दिल्ली

विषय: जैसलमेर जिल्ह्यातल्या आमच्या ढाणीचा ट्रान्सफॉर्मर, आणि बरंच काही

स. न. वि. वि.

खात्याचं नाव लिहिलेलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. तीन ठिकाणांहून "सदर बाब आमच्या कार्यकक्षेत येत नाही" असं आल्यावर चौथं नाव लिहायचा धीर होईना. हिंदीत अर्ज करून झाले, एक इंग्रजीतही झाला. हे मराठीत लिहितोय, कारण भांडताना शब्द शोधत बसायचा आता कंटाळा आलाय.

निमित्त परवा आलेल्या कागदाचं. गेल्या वर्षी इथे एका सौर प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. आलेल्या साहेबांनी मांडवात सगळ्यांदेखत शब्द दिला की पुढच्या उन्हाळ्याआधी तुमच्या ढाणीला ट्रान्सफॉर्मर बसेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर दोन पेढे खाल्ले. परवाचा कागद म्हणतो, "लाभार्थी संख्या निकषापेक्षा कमी असल्याने प्रस्ताव व्यवहार्य नाही."

ढाणी म्हणजे आपल्याकडची वस्ती समजा. दोन-चार घरं, मग मैलभर वाळू आणि खडक, मग पुन्हा दोन घरं. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, पाटण तालुक्याचा. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तिथेच काम शिकलो आणि 2011 साली इकडे आलो. ऐंशी मीटरच्या टॉवरवर शिडीने चढायचं, गिअरबॉक्सचं तेल बघायचं, बोल्ट आवळायचे. या जिल्ह्यात हजार मेगावॅटच्या वर वाऱ्याची वीज आहे. त्यातला एक टॉवर माझ्या खोलीच्या दारातून दिसतो.

गेल्या मे महिन्यात आमचे आबा माझ्याकडे राहायला आले होते. आई गेल्यावर गावात त्यांचं मन लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आली नाही. खाटेवर ओला टॉवेल टाकला तर दहा मिनिटांत पापडासारखा कडक व्हायचा. शेजारच्या आजी, इकडे त्यांना मांसा म्हणतात, ताक घेऊन आल्या, "बासा, पी लो" म्हणून आबांच्या मागे लागल्या. आबा दाराबाहेर बघत होते. समोर ते अजस्र पातं सावकाश फिरत होतं. म्हणाले, "तुझ्या पंख्याला वारा मिळतो रे, माझ्याच पंख्याला का नाही?" मला वाटलं चेष्टा करतायत. संध्याकाळी ते मला त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारायला लागले, तेव्हा कळलं.

शेजारच्या पोराने कॅम्पर, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, काढली. पहिल्या आरोग्य केंद्राला कुलूप. पुढच्यात कंपाउंडर होता, त्याने सलाईन लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. ती धरून मी मागच्या हौद्यात उभा, आबा माझ्या पायांशी. जैसलमेरहून जोधपूरला पाठवलं. जवळजवळ तीनशे किलोमीटर, हिशेब करायला तेव्हा डोकं जागेवर नव्हतं. आबा वाचले. किडनी गेली ती गेली. आता कराडला धाकट्या भावाकडे असतात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पूर्वी रोज फोन करायचे. आता मी केला तर "हां, बरं आहे" म्हणतात आणि भावजयीकडे देतात. पैसे किती गेले ते लिहीत नाही, तुम्ही त्याचीही योजना काढाल.

म्हणून ही "लाभार्थी संख्या" मला लागली.

सातारा जिल्हा साधारण साडेदहा हजार चौरस किलोमीटर, माणसं तीस लाख. जैसलमेर साडेअडतीस हजार, म्हणजे जवळपास अख्खं केरळ, आणि 2011 च्या जनगणनेत माणसं पावणेसात लाख. चौरस किलोमीटरला सतरा. आता तुमचा नियम लावा. अवघड भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असंच ना? ढाब्यावर बिलाच्या पाठीवर भागाकार केला: एका केंद्राच्या वाट्याला अकराशे-बाराशे चौरस किलोमीटर येतात. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून सहाशेच्या आसपास. दोन मुंबया, एक केंद्र, आणि त्याला कुलूप. चूक असेल तर दुरुस्त करून पाठवा, निदान त्या निमित्ताने तुमच्याकडून एक पत्र येईल.

मघाशी "आपण" म्हणायला हवं होतं, "तुमचा" लिहून गेलो. राहू द्या तसंच.

तुमच्या कागदात हा मुलूख रिकामा आहे. एकदा वर या. पोटात गोळा येईल, पण दिसेल. थंडीत पहाटे मी टॉवरवरून चुलींचा धूर मोजलाय. नजर पोचेल तिथवर अकरा. मेंढ्यांच्या वाटा दिसतात, सगळ्या एखाद्या टोब्याकडे, म्हणजे तळ्याकडे, नाहीतर बेरीकडे, म्हणजे छोट्या विहिरीकडे जाणाऱ्या. खडीन दिसतं: उताराला आडवा मातीचा बांध घालतात, पावसाचं पाणी साचतं, जिरतं, आणि त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा येतो. वर्षाला पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडतो, त्यात हरभरा! इथल्या पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बसवलेलं हे गणित. त्यांना ट्रान्सफॉर्मर लागला नाही हे खरं, पण म्हणून आम्हाला नको असं नाही.

आणि काळपट हिरवा पट्टा दिसतो तो ओरण. देवाच्या नावाने सोडलेलं रान, आपली देवराईच. कुऱ्हाड लावायची नाही, चरायला सगळ्यांची गुरं. महसुलाच्या दप्तरात मात्र अशी कित्येक रानं "सिवाय चक", म्हणजे कुणाचीच नसलेली सरकारी जमीन. कुणाचीच नाही, तर मग कंपनीची. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला सांगितलं की ओरणांची मोजणी करा, त्यांना वन म्हणून संरक्षण द्या. आमच्याकडे मोजणीवाल्यांच्या आधी जेसीबी आला, तोही रात्री. सकाळी खेजड्या आडव्या. खेजडी म्हणजे आपली शमी, साहेब. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. मांसा त्या फांद्यांवरच्या सांगऱ्या, म्हणजे खेजडीच्या शेंगा, ओंजळीत गोळा करत होत्या, आता भाजी तरी होईल म्हणून.

मी वाऱ्याचं खातो, हे मला कळतं. सौर-पवन नको असं माझं म्हणणंच नाही. पण उच्चदाबाच्या तारा माझ्या डोक्यावरून गुणगुणत जातात आणि खाली मी मेणबत्ती लावून टॉवरचा रिपोर्ट लिहितो. त्या तारांना धडकून माळढोक मरतो, त्याच्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडत आल्या. पडायलाच हव्या होत्या, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातून तो कसा संपत गेला ते आपण पाहिलंय. आबांसाठी कुठे तारीख मागू?

खरी गोम मला ठाऊक आहे. साताऱ्यात आठ आमदार, इथे दोन. खासदाराचा मतदारसंघ बाडमेरसकट, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना दिवस मावळतो. डोकी कमी, म्हणून मतं कमी, म्हणून डॉक्टर नाही, म्हणून पोरं जोधपूर-अहमदाबादला जातात, म्हणून डोकी आणखी कमी. मग कुणीतरी दिल्लीत नकाशावर हात फिरवून म्हणतो, जागा मोकळीच आहे. डोंगरात असंच, दंडकारण्यात असंच, आमच्या कोयनेच्या धरणातसुद्धा असंच झालं. माझ्या आजोबांच्या पिढीने ऐकलंय हे सगळं, फक्त तेव्हा पाणी होतं, आता ऊन आहे.

मागणं लहान आहे. ट्रान्सफॉर्मर द्या. आरोग्य केंद्राची किल्ली कुणाकडे असते तेवढं कळवा. ओरणाच्या कडेला आणखी तीस-चाळीस खेजड्यांवर चुन्याच्या खुणा पडल्यात, त्यांचं काय करणार ते सांगा.

उत्तर पोस्टाने पाठवणार असाल तर पत्त्यात ढाब्याचं नाव घाला. ढाणीपर्यंत पोस्टमन येत नाही, माझी पत्रं ढाबेवाला मिरच्यांच्या डब्याखाली ठेवतो.

आपला,
टॉवरवरचा एक सातारकर