कंपालाहून आई-बाबांस

कंपाला, युगांडा
दि. ९ जून

तीर्थरूप आई-बाबांस,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. (तो मला कागदावरच जमतो, हे आपण जाणताच.)

माझी प्रकृती उत्तम आहे. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी सैल झाली होती, ती येथल्या कारागिराने नीट बसवून दिली. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीवर, मी बसत नाही. तेव्हा बाबांनी उगाच झोप घालवू नये.

येथली एक रीत मात्र मला अजून अंगवळणी पडलेली नाही. या बुगांडा भागात बाई वडीलधाऱ्यांशी किंवा पाहुण्यांशी बोलताना गुडघे टेकते, मग पाठीवर मूल बांधलेले असो वा पायाखाली चिखल. आपण वाकून पाया पडतो आणि मोकळे होतो. येथे घरच्या सगळ्यांची विचारपूस संपेपर्यंत ती खालीच असते. शनिवारी दवाखान्यात मुलांच्या आया माझ्यापुढे अशा बसल्या की मी उठा म्हणते, आणि माझा पाय पाहून त्या अधिकच संकोचतात.

आईने विचारले आहे की, स्वतःचे थोडे होते म्हणून लोकांच्या मुलांचे ओढवून घेतलेस का. आई, मी प्लास्टर घालत नाही. जन्मतः आत वळलेली पावले पोन्सेटी पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत, बहुधा पाच-सहा आठवड्यांत सरळ होतात. पण पुढे तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना, मधे दांडी असलेले बूट घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले की बसभाड्याचे पैसे घरखर्चाला लागतात, रडणाऱ्या मुलाचे बूट कोणीतरी मायेने काढून ठेवते, आणि पाऊल पुन्हा वळते. म्हणून मी भाडे देते आणि घरच्यांशी बोलते, कारण कॅलिपर माळ्यावर लपवणारी मुलगी मीच होते. मला खांद्यावर घेऊन बाबा सांगलीहून मुंबईला हाजी अलीच्या दवाखान्यात किती वेळा आणि कोणाकडून उसने घेऊन गेले, हे त्यांनी सांगितले नाही तरी मला ठाऊक आहे.

परवा एक आजी नातीच्या बुटांची दांडी दाखवत म्हणाली, "मागणी घालायला पाहुणे येतील तेव्हा ही गुडघे कशी टेकेल?" मला आपल्या ओटीवरची कुजबुज आठवली. नर्सकरवी मी तिला सांगितले की ही दांडी सुटणारी आहे, माझी नव्हे. तिने माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिले आणि बूट पुन्हा चढवले.

या महिन्यात पाच हजार कमी पाठवले आहेत. दादाला सांगा, हप्ता चुकू देणार नाही. इस्लामपूरच्या स्थळाला कॅलिपरचे आधीच सांगावे, मावशी म्हणते तसे साडीत झाकू नये. धाकटीचे लग्न मात्र माझ्यासाठी अडवू नका. दिवाळीच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले होते, त्यांतलेच थोडे बसभाड्यात गेले, हे आईला सावकाश सांगा. धाकटीच्या लग्नाची तारीख ठरली तर कसेही करून येईन.

आपली,
कुंदा