स्प्रिंकलर हलवायचाय, पण परवानगी मागायची कुणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमची बिल्डिंग सात मजली आहे, खाली दुकानं, पहिल्या दोन मजल्यांवर ऑफिसं आणि वर आम्ही राहणारे. चार वर्षं झाली मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसच्या रिनोव्हेशनमुळे, नऊ स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारे हेड, हलवायचे होते आणि त्यासाठी सात आठवडे गेले, आणि त्या सात आठवड्यांत जे बघितलं ते तुमच्या वाचकांपर्यंत जायला हवं असं मनापासून वाटतं.

झालं असं की नवीन मालकाने मोकळा हॉल तोडून केबिन करायला घेतल्या, जिप्समची पार्टिशनं उभी राहिली आणि फॉल्स सीलिंग दीड फूट खाली आलं. एके दिवशी सकाळी पाणी सोडणारा वॉचमन म्हणाला, साहेब पंपरूममधल्या गेजचा काटा शून्यावर आहे. खाली जाऊन बघतो तर स्प्रिंकलरच्या लाइनचा मेन व्हॉल्व्ह बंद! विचारल्यावर कळलं की इंटिरियरवाल्याच्या प्लंबरने "दोन तासांचं काम आहे" म्हणून लाइन रिकामी केली होती, आणि त्याला पाच दिवस झाले होते. म्हणजे दुकानं आणि ऑफिसं मिळून तिन्ही मजल्यांची लाइन पाच दिवस कोरडी, आणि त्याच पाच दिवसांत दुसऱ्या मजल्यावर वेल्डिंग चालू, प्लायचे तुकडे पडलेले, पॉलिशवाल्याचे थिनरचे डबे उघडे. आमच्या सातव्या मजल्यावर एक आजी आहेत, वॉकरशिवाय त्यांना चालता येत नाही. त्या दिवशी माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा त्याच आल्या.

वर जाऊन बघितलं तर सगळे हेड नव्या सीलिंगच्या वर गेलेले. आता बऱ्याच लोकांना वाटतं की आग लागली की सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होतात, सिनेमात दाखवतात तसे, पण तसं नसतं. प्रत्येक हेडमध्ये एक छोटी काचेची नळी असते, नेहमी दिसते ती लाल रंगाची ६८ अंशांना फुटते आणि जिथे गरम झालंय तिथलाच हेड पाणी सोडतो. खाली नवं सीलिंग घातलं की गरम हवा त्या सीलिंगखाली साचते आणि वरची नळी बराच वेळ थंडच राहते, तोपर्यंत खालची खोली गेलेली असते. पार्टिशनचंही तेच, ऑफिससारख्या कमी धोक्याच्या जागेत एका हेडमागे जास्तीत जास्त २१ चौरस मीटर धरतात, म्हणजे साधारण सव्वादोनशे स्क्वेअर फूट, एवढ्या जागेत तुम्ही तीन केबिन केल्या तर हेड एकीत राहतो आणि बाकी दोन कोरड्या. शिवाय पेंटरने हेडवर रंगाचा हात फिरवला असेल तर तो आणखी उशिरा फुटणार. हे मला आधी काहीच माहीत नव्हतं, त्या सात आठवड्यांत शिकलो.

मी काम थांबवलं. मालक चिडले, त्यांचं भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू, त्यांचं चिडणं मी समजू शकतो. माणूस वाईट नाही, ते म्हणाले सांगा कुठे अर्ज करायचा, मी आज करतो. आणि तिथेच सगळं अडलं कारण कुठे करायचा ते मलाही सांगता येईना.

दोघं मिळून फेऱ्या मारल्या. एका खिडकीवर सांगितलं की भिंती पाडत नाही, क्षेत्रफळ वाढत नाही, मग आमच्याकडे काही काम नाही. दुसरीकडे म्हणाले फायरची एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, बिल्डिंगच्या मूळ प्लॅनवर आहे, त्यात बदल म्हणजे पूर्ण बिल्डिंगचं सुधारित ड्रॉइंग लागेल. मूळ ड्रॉइंग आमच्याकडे नाही, बिल्डरने दिलंच नव्हतं. तिसऱ्या टेबलावर म्हणाले लायसन्स्ड एजन्सीकडून, म्हणजे आगीच्या यंत्रणेचं काम करायचा परवाना असलेल्या कंपनीकडून, करून घ्या आणि सर्टिफिकेट लावा, बस्स. त्याच आठवड्यात एका एजन्सीने सांगितलं की आधी लेखी परवानगी आणा मगच हात लावू. कोण बरोबर? मला अजून ठामपणे कळलेलं नाही. शेवटी आर्किटेक्टने मोजमापं घेऊन नव्याने ड्रॉइंग काढलं, एजन्सीने हेड खाली आणले, प्रत्येक केबिनला एक दिला, लाइनमध्ये दाबाने पाणी भरून कुठे गळत नाही ना ते बघणारी प्रेशर टेस्ट घेतली आणि मगच सीलिंग बंद केलं. हेडचं प्रत्यक्ष काम झालं दोन दिवसांत, बाकी सगळे दिवस कागदांचे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, त्याचे नियम २००९ चे. जबाबदारी मालक आणि भोगवटादाराची, काम लायसन्स्ड एजन्सीचंच आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी द्यायचं. कायदा चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्याकडे फॉर्म बी साठी येणारा माणूस पंप चालू करून बघतो, गेज बघतो, होजरील (आग विझवायच्या पाइपचं रीळ) बघतो आणि जातो, ऑफिसमध्ये शिरून सीलिंगकडे मान वर करून कुणी बघितलेलं मला तरी आठवत नाही. मग मधल्या सहा महिन्यांत आत काय बदललं ते कळणार कसं?

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटच्या आगीत १४ माणसं गेली, त्यानंतर मुंबईभर हातोडे पडले, गच्चीवरची बेकायदा शेड्स निघाली. ते व्हायलाच हवं होतं. पण गच्चीवरची शेड रस्त्यावरून दिसते, सीलिंगच्या वर गेलेला हेड कुणालाच दिसत नाही, आणि परवानगीचा रस्ता इतका अवघड ठेवला तर माणूस न विचारताच काम उरकून टाकतो. त्या प्लंबरने तेच केलं.

म्हणून मागणी एवढीच की छोट्या बदलांसाठी वेगळा, सोपा अर्ज करा. पंप, मेन पाइप आणि जागेचा वापर बदलत नसेल, थोडेच हेड हलणार असतील, तर लायसन्स्ड एजन्सीने स्केच, आधीचे आणि नंतरचे फोटो आणि प्रेशर टेस्टचा कागद ऑनलाइन टाकावा, ठरलेल्या दिवसांत परवानगीचा नंबर मिळावा, आणि अग्निशमन दलाने त्यातल्या काही जागा सीलिंग बंद व्हायच्या आत अचानक जाऊन बघाव्यात. सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, त्यात या कामाची वेगळी नोंद आणि मुदत टाकली तर खिडक्यांचा खेळ थांबेल. आणि व्हॉल्व्ह बंद करायचा असेल तर सोसायटीला आधी लेखी कळवणं, संध्याकाळी परत चालू करणं, लाइन बंद असताना वेल्डिंग न करणं, हे त्याच अर्जात सक्तीचं असावं. सोसायट्यांनीही इंटिरियरच्या कामाला होकार देताना लिफ्टच्या डिपॉझिटबरोबर हेही लिहून घ्यावं, आम्ही आता घेतो, पंपरूमला कुलूप लावलंय आणि चावी फक्त कमिटीकडे असते.

पुढच्या महिन्यात आमच्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसचं काम सुरू होतंय, तिथेही केबिन होणार आहेत, अकरा हेड हलवावे लागतील. या वेळी ड्रॉइंग तयार आहे, एजन्सी ठरलेली आहे, मालक पैसे द्यायला तयार आहेत. अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, एवढं तुमच्या वार्ताहरांनी संबंधित अधिकाऱ्यांना विचारून छापलं तरी आमच्यासारख्या कितीतरी सोसायट्यांची सोय होईल.

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी