क्रेफिशची (गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या कवचवाल्या प्राण्याची) पिल्ले सांभाळणाऱ्या सभासदांसाठी सूचना

पिल्ले आईच्या पोटाखालून सुटून मोकळी फिरू लागली की आईला दुसऱ्या टाकीत हलवा. भूक लागल्यावर ती स्वतःची पिल्ले ओळखत नाही. पिल्लेही एकमेकांना खातात, विशेषतः कात टाकल्यावर, कारण तेव्हा कवच मऊ असते. म्हणून लपायच्या जागा पिल्लांपेक्षा जास्तच हव्यात: अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळाचे पुंजके, फुटकी कौलेही चालतात. टाकलेली कात काढू नका. ती खाऊन पिल्ले कॅल्शियम परत मिळवतात.

फिल्टर स्पंजचाच, बाकीच्यांत पिल्ले ओढली जातात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घाला. एप्रिल-मेमध्ये टाकीवर ऊन नको. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. उकडलेला पालक, वाटाणा चिमूटभर द्या, उरलेला सकाळी काढा. तांबे असलेली माशांची औषधे अजिबात नकोत. झाकण घट्ट बसवा, हवेच्या नळीवरून ही मंडळी बाहेर पडतात.

जास्त झालेली पिल्ले रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कृपया सोडू नका. मार्बल क्रेफिश या जातीच्या एकट्या मादीलाही नराशिवाय पिल्ले होतात, म्हणजे एक सोडली तरी तिथे संख्या वाढू शकते. सभासदांतच वाटून घ्या.